क्लचशिवाय माहीमपर्यंत

माझी मोटारसायकल माझ्या लग्नाच्या आधीची आहे. साताऱ्याकडे ती वडील चालवायचे. मला बोईसरला नोकरी लागली तेव्हा त्यांनी ती ट्रकमध्ये घालून इकडे पाठवून दिली. तिकडच्या कोरड्या हवेत तिची तब्येत चांगली होती. इथे कारखान्यांची हवा आणि खारा वारा दोघांनी मिळून तिला खायला घेतलं. सायलेन्सर भर रस्त्यात गळून पडला. हॉर्न फक्त उजवीकडे वळताना वाजू लागला. बोईसरचा माझा मेकॅनिक दर वेळी तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि म्हणतो, "साहब, इंजिन एकदम बढ़िया है. बाकी कुछ नहीं है."

सासूबाईंचं मत याहून स्पष्ट होतं. पालघरजवळच्या माहीमहून पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी गाडी खालपासून वरपर्यंत पाहिली आणि विचारलं, "भंगारवाला येतो तवा तुमी घरी नसता काय?"

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या आमच्याकडेच राहिल्या. डॉक्टरांनी घरी जायला हरकत नाही म्हटल्याबरोबर त्यांनी पिशवी भरली. चारचाकी सांगितली होती, ती आलीच नाही. बायको ड्युटीवर. सासूबाई थांबायला तयार नाहीत. शेवटी त्या माझ्या मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. डोक्यावर बायकोचं हेल्मेट, डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला मोठा काळा चष्मा, मांडीवर पिशवी. माझा खांदा त्यांनी पोलिसाने धरावा तसा धरला.

पालघर ओलांडून आम्ही माहीमच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर मी गिअर बदलायला क्लच दाबला आणि तो हातात नुसताच लुळा आला. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली.

"झालं?" मागून आवाज आला.

"क्लच वायर तुटली, आई. काळजी नको, माझ्याकडे जादा वायर आहे."

होतीही. सीटखालून काढून पाहिली तर ती ॲक्सिलरेटरची निघाली.

तेवढ्यात एक रिक्षा थांबली. तिच्यात रिकाम्या टोपल्या घेऊन पालघरच्या बाजारातून परतणाऱ्या दोन कोळणी होत्या. त्यातली एक हेल्मेटमध्ये वाकून बघत म्हणाली, "अगो, ही तर आपली शेजारीण! चल, रिक्षात एक जागा हाय."

"मी नाय येत," सासूबाई म्हणाल्या. "जावयाला रस्त्यात टाकून घरी गेले तर गावाला काय सांगू?"

मी समजावलं, की क्लचशिवायही गाडी चालते. इंजिन चालू करायचं, कोणीतरी ढकलायचं आणि वेग आला की गिअर टाकायचा. फक्त मध्ये थांबता येत नाही. कोळणींना हे लगेच पटलं. त्यांनी टोपल्या रिक्षात ठेवल्या, पदर खोचले आणि सासूबाईंसकट मला असं ढकललं की मी गिअर टाकायच्या आधीच आम्ही बऱ्यापैकी पुढे गेलो होतो.

आता थांबायचं नव्हतं. पुढे एक म्हैस आडवी आली. हॉर्न वाजवायला उजवीकडे वळावं लागलं असतं आणि उजवीकडे ओढा होता. सासूबाईंनी परिस्थिती ओळखली. "बाजूला! बाजूला व्हा! गाडी थांबत नाय!" त्या ओरडू लागल्या. म्हैस सरकली. पुढे केळी लादणारे दोघे, शाळेचे एक गुरुजी आणि भाजीवाल्याची हातगाडी, सगळे सरकले. वाड्यांमधल्या त्या अरुंद रस्त्यावर सासूबाईंनी ओळखीच्या एकाला हातही केला.

घरासमोर इंजिन बंद करायचं असं मी ठरवलं होतं. पण गल्लीच्या तोंडावर मांडवाचे बांबू उतरवणारा टेम्पो उभा होता आणि मागून एसटी हॉर्न देत होती. पुढे जाऊन गाडी फिरवू म्हटलं, पण फिरवायला जागा मिळेना. घरं संपली, सुरूची झाडं लागली आणि मग वाळू आली. पुढचं चाक वाळूत रुतलं. इंजिन आपणहून बंद पडलं.

समोर समुद्र होता. मी माफी मागायला वळलो. सासूबाई हेल्मेट काढून उभ्या होत्या. सासरे गेल्यापासून त्या इकडे फिरकल्या नव्हत्या, हे मला बायकोकडून माहीत होतं. संध्याकाळी दोघं इथे येऊन बसायचे. मी वायरीचं तुटलेलं टोक उगाच तपासत राहिलो.

जरा वेळाने त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"त्या होड्यांना निळा रंग कवा दिला?"

"त्या निळ्याच होत्या, आई."

"मला करड्या दिसायच्या," त्या म्हणाल्या आणि वाळूत बसल्या. मीही बसलो. सासरे वाळूत पावलं बुडवून बसायचे आणि घरी येऊन ओट्यावर वाळू झाडायचे, त्यावरून रोज भांडण व्हायचं, असं त्यांनी सांगितलं. त्या रडल्या नाहीत. चपला काढून त्यांनी पाय वाळूत घातले.

मग आम्ही गाडी ढकलत घरी आलो. मागून ढकलताना त्यांनी मला दोनदा सावकाश चालायला सांगितलं. बायकोचा फोन आला, "पोचलात का नीट?"

"पोचलो. उशीर झाला जरा."

पुढच्या आठवड्यात सासूबाईंचाच फोन आला. रविवारी येता का म्हणाल्या. मी सांगितलं, मित्राची चारचाकी मिळतेय, तीच आणतो.

"ती कशाला?" त्या म्हणाल्या. "मोटारसायकल आणा. तिच्यावरनं सगळं नीट दिसतं."