अभिजीत साळवे बाकावरून उठत नाही

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. सगळे पुढे जातात. अभिजीत साळवे परवापरवापर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचा. नवीन आलेले लोक मला विचारायचे, हा का उठत नाही? मी त्याच्याबरोबर काम केलं आहे, म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो.

मी सदतीस वर्षं इकडे हिंदी मुलखात, भैरवगढला, छपाईच्या कारखान्यात भट्टीवर होतो. छापलेलं कापड रंगात उकळायचं, हे माझं काम. तुषार साळवे छपाईवर होता. नगरकडचा, आमच्याच चर्चचा. नक्षीचा लाकडी ठप्पा कापडावर असा ठेवायचा की जोड दिसत नसे. अकरा वर्षांपूर्वी त्यानं धाकट्या भावाला, अभिजीतला, गावाहून आणून कामाला लावलं. अभिजीत अंगानं दणकट, डोक्यानं गरम. हिंदी जेमतेम. त्याचा ठप्पा सरकायचा, आणि दुरुस्त करायला तो आणखी जोरात मारायचा. जोर लावणं म्हणजे मेहनत नव्हे, हे त्याला दहादा सांगून झालं होतं.

सहा महिन्यांनी सेठ त्याला काढायला निघाला. तुषार हात जोडून म्हणाला, "सेठजी, इसके लिए मैंने कितनी चेष्टा की है, आप तो जानते हो."

त्याच वेळी कोपऱ्यात दोघं तिघं कशावरून तरी हसले.

अभिजीतनं एवढंच ऐकलं: भावानं माझी चेष्टा केली, आणि लोक हसले. हातात सागवानी ठप्पा होता, तो त्यानं तुषारच्या तोंडावर मारला. लाकडाचा आवाज वेगळा, हाडाचा वेगळा. दुसऱ्या फटक्याला जबडा सरकला. तिसरा डाव्या डोळ्यावर बसला. मी मागून कंबर धरली, तर कोपरानं माझ्या दोन बरगड्या मोडल्या. पांढरं कापड टेबलावर ताणलेलं होतं. त्यावर काय सांडलं ते लिहीत नाही.

चौघांनी त्याला खाली पाडून वर गुडघे ठेवले. मी श्वास घेत घेत म्हणालो, "गाढवा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तो तुझ्यासाठी भीक मागत होता."

त्यानं फरशीवर स्वतःचं डोकं आपटायला सुरुवात केली. मग तेही धरावं लागलं.

तुषारचा डोळा गेला. जबडा तारेनं बांधला, तो वाकडाच जुळला. अभिजीतला तीन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात मी महिन्यातून एकदा जायचो. तिथं त्यानं पहिल्यांदा नवा करार पुरता वाचला.

सुटून आला त्या महिन्यात पाळकसाहेब म्हणाले, "ये पुढं. देवानं क्षमा केली आहे."

"देवानं केली असेल. दादानं नाही केली. आधी भावाशी समेट कर, मग वेदीकडं ये, असं लिहिलंय ना?"

"लिहिलंय. पण तो तयार नसेल तर?"

"तर मी थांबतो."

त्याची थांबायची रीत आधी चुकीची होती. दर रविवारी तो नानाखेड्याला तुषारच्या दारात जाऊन उभा राहायचा. दोन वर्षं. दार उघडत नसे. एकदा उघडलं. तुषार सायकलचा पंप घेऊन बाहेर आला आणि त्याला पाठीवर, खांद्यावर, कानावर मारत सुटला. अभिजीतनं हात मागं बांधून घेतले. पंप वाकला तेव्हा तुषार थांबला. शेजारी मोबाईल काढून उभे.

सुलभावहिनी मधे आली. तुषारची बायको. ती नवऱ्याला काही बोलली नाही, अभिजीतला बोलली.

"भावजी, रविवार आला की यांना शनिवारपासून ताप भरतो. माहीत आहे तुम्हाला? ही माफी मागणं आहे की दाराशी धरणं? एकदा तोंड फोडलंत. आता दर आठवड्याला फोडताय."

त्या दिवसापासून तो गेला नाही. मार खाणं त्याला जमत होतं. न जाणं जड गेलं. रविवारी दुपारी माझ्या घरी यायचा, चपला घालायचा, काढायचा.

"काका, एकदा लांबून बघून येऊ?"

"तिनं काय सांगितलं?"

"नको येऊ."

"मग बस खाली."

कारखान्यात त्याला कोण घेणार? क्षिप्रा नदीवर छापलेलं कापड धुण्याचं काम मिळालं. एका धुणाऱ्यानं त्याला "भाई का हत्यारा" म्हणत सगळ्यांसमोर कानाखाली दिली. अभिजीतनं भिजलेलं कापड उचललं आणि दगडावर आपटत राहिला. पंधरा मिनिटं. कापड फाटलं. माणूस वाचला. हे मी त्याच्या हिशोबी मोठं काम धरतो.

अशी पाच वर्षं. दारू नाही, हात उगारणं नाही, तुषारला निरोपसुद्धा नाही. पहिला रविवार आला की मागचा बाक.

गेल्या फेब्रुवारीत नानाखेडा बस स्टँडवर तुषार मला भेटला.

"मेला का तो?"

"जिवंत आहे."

"मग येत का नाही?"

"तुझ्या बायकोनं नको म्हटलं."

"पिऊन पडत असेल कुठं."

"पहिल्या रविवारी ये आणि बघ. बसलेला असतो."

मार्चच्या पहिल्या रविवारी तो आला. इतक्या वर्षांनी चर्चमध्ये. सरळ मागच्या बाकावर, अभिजीतच्या शेजारी बसला. मी पलीकडून बघत होतो. प्रभुभोजनासाठी लोक उठले. अभिजीत बसून राहिला. तुषारनं त्याची मान मागून पकडली आणि उचललाच.

"ऊठ. जा पुढं."

"दादा, तू माफ—"

"राग आहे अजून. तो माझा आहे, माझा मी बघेन. तू त्याच्यावर ठाण मांडून बसू नकोस. जा. तोंडाकडं काय बघतोस, एवढंच उरलंय ते."

अभिजीत गेला. मानेवर चार बोटं लाल उठली होती. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा दिला, तो त्याच्या हातून पडला. दुसरा द्यावा लागला.

परत आला तेव्हा तुषार पाय पसरून बसला होता, जागचा हलला नाही. अभिजीत त्याच्या पायांवरून ओलांडून आत गेला आणि बसला.