फिजिक्सला तू एकटीच!

ॲडमिशनचा हंगाम आला की माझी खिशातली डायरी आठ दिवसांत भरते. तीस वर्षं पेपरात शिक्षणाच्या बातम्यांचं बीट सांभाळतोय, त्यामुळे लोक मला बातमी कमी आणि वैताग जास्त देतात. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. वैताग साठत जातो!

यंदाची डायरी मात्र एकट्या प्रणालीने भरली. ती आमच्या पेपरच्या फोटोग्राफरची, प्रकाशची मुलगी. घर काटोलचं. बारावीला उत्तम मार्क आणि डोक्यात एकच गोष्ट: नागपुरात बी.एस्सी. करायचं, आणि मेजर म्हणजे मुख्य विषय फिजिक्सच घ्यायचा.

यात एवढं काय, असं वाटत असेल तर ऐका.

*

पहिला हल्ला घरातूनच झाला. प्रणालीचे मोठे काका संत्र्यांचे व्यापारी. झाडाकडे बघून किती माल उतरेल ते सांगतात, आणि पोराकडे बघून कुठे नोकरी लागेल तेही!

"फिजिक्स शिकून काय करशील वं? फ्यूज बदलवशील?"

"काका, मागच्या आठवड्यात तुमच्या घरचा फ्यूज मीच बदलवला."

"मंग? आलं ना तुले! आता अजून कायले शिकतं?"

"तो काहून उडाला, ते शिकाचं आहे."

आतून काकूंचा आवाज आला, "शिकू द्या तिले! दर आठवड्यात उडते तो!"

*

मग प्रकाश तिला घेऊन एका शिक्षण मेळाव्यात गेला. मीही गेलो. जूनच्या उकाड्यात टाय बांधलेला एक काउन्सेलर आमच्यावर धावूनच आला.

"फिजिक्स? उत्तम! आमच्याकडे फिजिक्स विथ एआय आहे. तिसऱ्या वर्षी मिहानमध्ये, आयटी कंपनीत जॉब!"

प्रणाली माहितीपुस्तकाचं कव्हर बघत होती. "सर, खाली फिजिक्स लॅब लिहिलं आहे. पण फोटोत सगळे मायक्रोस्कोप आहेत. ही तर बायोलॉजीची लॅब."

टाय जराही हलला नाही. "करेक्ट! अणू किती बारीक असतो, माहीत आहे ना?"

मी भांडायला तोंड उघडलं, तर प्रकाशने माझा दंड धरला. "थांब गा! आधी हसू तर दे!"

*

शेवटी शहरातल्या एका जुन्या कॉलेजात गेलो. तिथे फिजिक्सची खरी लॅब होती आणि शिकवणारी खरी माणसंही. अडचण फक्त ॲडमिशनच्या खिडकीची.

खिडकीतले बाबू अगदी गोड बोलले. "फिजिक्स मेजरचा वर्ग यंदा सुरू होत नाही, बेटा. पंधरा मुलं लागतात. तू एकटीच आहेस."

"माझा फॉर्म तरी घ्या ना, सर."

"कॉम्प्युटर सायन्स भरून टाक. नंतर बदलून देऊ."

"नंतर म्हणजे कधी?" मी विचारलं.

"नंतर म्हणजे... नंतर!"

शुक्रवारी पाच वाजता फॉर्म बंद होणार होते. एकदा मेजर ठरला की वर्षभर त्याला कोणी हात लावत नाही, हे मला माहीत होतं. बाबूंनाही माहीत होतं.

"वर्ग सुरू होणार नाही, हे लेखी द्या," मी म्हणालो.

"लेखी द्यायचा अधिकार प्राचार्यांना."

प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "फिजिक्सला एकच मुलगी आहे असं कळलंय मला. बाकी चौकशी खिडकीवर करा."

जो बोलतो तो लिहून देत नाही, आणि ज्याला लिहून देता येतं तो खिडकीकडे बोट दाखवतो. तीस वर्षं हेच बघतोय!

*

बाहेर येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. "उद्याच पहिल्या पानावर घेतो यांना!"

प्रणाली शांतपणे म्हणाली, "काका, बातमी शनिवारी घ्या. मले शुक्रवारच्या आत ॲडमिशन पाहिजे."

तेवढ्यात खिडकीवरून एक मुलगा परतला. कन्हानचा. हातात कोरा फॉर्म, चेहरा उतरलेला.

"फिजिक्स?" प्रणालीने विचारलं.

"हो. पण मी एकटाच आहे म्हणतात."

प्रणालीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. इतकी वर्षं त्या खिडकीत डोकं घालून भांडलो, पण तिच्यापासून दहा पावलांवर उभं राहायचं मला एकदाही सुचलं नव्हतं!

*

पुढचे दोन दिवस प्रणाली वही घेऊन सायकल स्टँडजवळ बसली. खिडकीवरून तोंड पाडून येणाऱ्या प्रत्येकाला हटकायची. नाव, फोन नंबर, सही.

वॉचमन आला. "काय वाटून राहिली वं इथं? पत्रकं?"

"वाटून नाही राहिली, भाऊ. एकटे एकटे जमा करून राहिली!"

एका वडिलांनी तर हात जोडून विचारलं, "मॅडम, तुमचे क्लासेस कुठं आहेत?"

शुक्रवारी दुपारी तीनला वहीत तिचं स्वतःचं धरून चौदा नावं झाली. सव्वातीनला एक मुलगी खुशीत बाहेर आली. तिने कॉम्प्युटर सायन्स भरलं होतं.

"फिजिक्सच पाहिजे होतं, पण नंतर बदलून देणार आहेत."

"नंतर म्हणजे कधी?" प्रणालीने विचारलं.

त्या मुलीचं हसू हळूहळू गेलं. ती वळली आणि फॉर्म परत मागायला खिडकीकडे पळाली. चार वाजता तो घेऊनच आली!

*

सव्वाचारला पंधराच्या पंधरा जण प्राचार्यांच्या केबिनमध्ये. दाराशी मी, माझ्यामागे कॅमेरा घेतलेला प्रकाश.

प्राचार्यांनी वहीतली नावं मोजली. मग पेनाच्या टोकाने चेहरे मोजले. एकदा माझ्याकडे बघितलं. "लेखी पाहिजे होतं ना तुम्हाला?" असं म्हणून 'फिजिक्स मेजरचा वर्ग सुरू करावा' असं लिहिलं, सही ठोकली आणि बेल दाबली.

बाबू आले.

"काय हो, पंधरा दिवस तुम्ही मला सांगताय, फिजिक्सला एकच मुलगी येते म्हणून! मग हे कोण?"

बाबूंनी चष्मा वर केला, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सगळ्यांना नीट बघून घेतलं, आणि म्हणाले,

"बरोबर आहे ना सर! खिडकीवर एका वेळी एकच येते!"