मेणबत्त्यांची गाडी

उळवीला जाणाऱ्या गाडीवाटेवर, जोयडा मागे टाकल्यावर, रानात एकच घर लागे. ते आमचे. त्या टापूत ख्रिस्ती घरही तेवढे एकच होते. पाद्री वर्षातून एकदा येत, तेही नाल्याचे पाणी ओसरल्यावर.

आमच्याकडे मेणबत्त्या होत. दिग्गीच्या बाजूचे कुणबी मधाच्या पोळ्यांचे मेण आणून देत. आई ते कढवून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळी, उन्हात पातळ पसरून पांढरे करी. ओटीवर बांबूचे मोठे कडे टांगलेले असे. त्याला कापसाच्या वाती लटकवून त्यांच्यावर ती पळीने मेण ओती. एक फेरा झाला की थंड होऊ द्यायचे, कडे फिरवायचे, परत ओतायचे. हे काम मुळात वडिलांचे. मी सहा वर्षांचा असताना ते तापाने गेले, तेव्हा कड्यावरच्या वाती अर्ध्याच झाल्या होत्या. आईने त्या पुऱ्या केल्या आणि धंदा पुढे चालू राहिला.

मागण्या येत त्या ईस्टरसाठी, धारवाड-बेळगावकडच्या पाच इगर्जींतून, म्हणजे चर्चमधून. रानात मेणबत्ती करणे फारसे अवघड नव्हते. तिला रानाबाहेर काढणे अवघड होते. टपालाने पाठवावी तर वजनामुळे मजुरी सगळी टपालातच जाई. खास गाडी करणे आवाक्याबाहेरचे. वडिलांनी यावर एक तोड काढली होती. माघात उळवीच्या जत्रेला धारवाडकडच्या बैलगाड्या येत. येताना त्यांत माणसे, ज्वारीचे पीठ, भाकऱ्या, कडबा असे सगळे ठासून भरलेले. परतताना शिधा आणि कडबा संपून गाडी निम्मी रिकामी. एका गावच्या पाच गाड्यांच्या म्होरक्याला वडिलांनी विचारले. तो भाडे घ्यायला तयार होईना.

"देवाच्या वाटंवर गाडी भाड्यानं लावत न्हाईत," तो म्हणाला. "तुमच्या देवाचं हाय न्हवं? आमच्या देवाच्या गाडीतनं जाऊ दे."

बदल्यात एवढेच ठरले, की जत्रेला जाताना दुपारचा विसावा आणि परतताना एक मुक्काम आमच्या अंगणात, आणि बैलांना आमचा पेंढा. हा रिवाज वडील गेल्यावरही मोडला नाही.

म्होरक्याची बायको आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी होती. आई तिला अक्का म्हणे, ती आईला तंगी म्हणे, म्हणजे धाकटी बहीण. आमच्या घरचे पाणी अक्का पीत नसे. तिच्या घरची रीत तशी होती. ती स्वतःची तांब्याची घागर घेऊन नाल्यावर जाई, आणि आईला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. घागर ठेवली की अक्का ओटीच्या खांबाला टेकून बसे, आणि आई मेण ओतता ओतता बोलत राही. वर्षभराचे बोलणे त्या दोन मुक्कामांत उरकायचे असे.

"तुझ्या येशूला उजेड लई लागतो बघ, तंगी," अक्का म्हणे. "आमच्या देवाचं एका पणतीत भागतं."

"तुमचा देव रानात ऱ्हातो. त्याला अंधाराची सवय हाय."

मग दोघी हसत. आईचे एवढे मोठे हसणे मी एरवी ऐकलेले नाही. गाड्या वळणाआड गेल्या की ती थोडा वेळ अंगणात उभी राही आणि मग बैलांखालचा उरलेला पेंढा गोळा करू लागे.

मी दहा वर्षांचा झालो तेव्हा पाद्रींनी धारवाडला माझ्या शिक्षणाची सोय केली. पोहोचायचे कसे हा प्रश्न आलाच नाही. मेणबत्त्यांच्या करंड्यांमध्ये मला बसवण्यात आले. अक्का नवऱ्याला म्हणाली, "ह्यो मोडंल बरं का वाटंत. पेंढ्यात नीट गुंडाळ." आई हसायला गेली आणि तिला हसता आले नाही. पुढे सबंध वाट अक्काने मला आपल्या लुगड्याच्या पदरात घेतले होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पाटीला हात लावलेला नव्हता. पाद्री, शाळेतले मास्तर, वसतिगृहातला स्वयंपाकी यांच्या उपकारांत मी वाढलो. त्या यादीत ती गाडी आणि तो पदर पहिला येतो, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी बेळगावच्या इगर्जीतून तक्रार आली. करंडीतल्या चौदा मेणबत्त्या मोडून आल्या होत्या, शिवाय गाड्या वाटेत कुठल्याशा लग्नाला थांबल्याने माल उशिरा पोहोचला होता. पुन्हा असे झाले तर मागणी दुसरीकडे देऊ, असे त्यात होते. मी घाबरलो. आईचा आधार तेवढाच होता. पण शिकलेल्या माणसाचा उत्साहही मला चढला. स्टेशनावर जाऊन मी पार्सलचे दर विचारले. तिथे एक गोष्ट कळली. वजन कितीही कमी असो, दर नगाला ठरलेले किमान भाडे द्यावेच लागे. म्हणजे पाच इगर्जींना पाच पेट्या पाठवणे महाग, पण पाचांचा माल एकाच पेटीत घालून धारवाडला आणला आणि तिथे वाटून दिला तर स्वस्त. स्टेशनापर्यंत पेटी न्यायला लाकूड वाहणाऱ्या गाड्या होत्या. करंडी आणि पेंढ्याऐवजी लाकडी पेटी आणि भुसा.

नाताळच्या सुट्टीत घरी जाऊन मी पेटी स्वतः भरली. पौषातच ती रवाना झाली. आईने एकच विचारले.

"गाडीवाल्यांस्नी काय सांगू?"

"सांग, आता तुम्हाला त्रास नको."

मला वाटले, मी त्यांच्यावरचे ओझे उतरवतो आहे.

पेटी आठ दिवसांत पोहोचली. एकही मेणबत्ती मोडली नव्हती. दुसऱ्या वर्षी दोन इगर्जींची मागणी वाढली. आईला वाचता येत नसे. जंगलखात्याचा गार्ड तिला माझी पत्रे वाचून दाखवी आणि ती सांगेल ते लिहून धाडी. प्रत्येक पत्रात एकच मजकूर असे: मेण चांगले मिळाले, गाय बरी आहे, काळजी करू नये. मी काळजी केली नाही.

बी.ए. झालो, धारवाडात शिक्षकाची नोकरी लागली, आणि माघात मी पदवीचा कागद दाखवायला घरी गेलो. आईने तो दोन्ही हातांनी धरला, कपाळाला लावला आणि वडिलांच्या पेटीत ठेवला. अंगणाच्या कडेला पेंढ्याची मोठी गंजी रचलेली दिसली. आमच्याकडे गाय एकच.

"एवढा पेंढा कशाला?"

"असू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्यांच्या घुंगरांचा आवाज आला. आई हातातली पळी ठेवून दारात गेली. पाच गाड्या होत्या, मी त्यांच्या छपरांवरून ओळखल्या. पुढच्या गाडीवर म्होरक्या बसला होता. त्याने आमच्याकडे बघून हात जोडले. गाडी थांबली नाही. मागच्या चारही गेल्या.

"थांबले का नाहीत?"

"गेल्या साली बी असंच." आई वळणाकडेच बघत होती. "त्याच्या आदल्या साली थांबलं होतं. करंड्या भरल्या का म्हनला. मी सांगितलं, पेटी गेली रेल्वेनं, तुमाला आता तरास न्हाई. बरं, म्हनला. बैलं सोडलीच न्हाईत. अक्का गाडीतनं उतरत होती, तिला म्हनला, बस वर."

"पण का?"

"काम न्हाई त्या दारात बैल कसा सोडायचा, पुता? फुकटचा पेंढा खाणारी मानसं हायत व्हय ती?"

"मला कळवायचं होतंस."

"गार्डसायबाला काय लिवायला सांगू? दारात गाड्या थांबल्या न्हाईत म्हनून?"

तीन माघ. त्या घरात वर्षाकाठी जे काही माणसांचे बोलणे होई, ते मी स्वस्तातल्या भाड्याच्या हिशेबात काढून टाकले होते. ओटीवरच्या मेणबत्त्या हाताला लागतील तशा एका करंडीत घातल्या आणि मी वाटेने पळत सुटलो. नाल्यावर बैल पाणी पीत होते.

म्होरक्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "काय सायेब, रेल्वे मोडली काय?"

गाडीतली पोरे हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. "ही करंडी धारवाडला न्यायची आहे."

"आनि देवाला जाताना वझं घालतोस? एवढं शिकलास, पन गाडी कवा रिकामी असती ते इसरलास." मग त्याचा आवाज उतरला. "परतीला घिऊ. आईला सांग, येतो म्हनून."

"अक्का कुठे आहेत?"

त्याने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "गेली. दोन पावसाळे झाले. गेल्या साली तुझ्या आईला सांगावं म्हनून दारापातूर आलो हुतो. पन कामाबिगर हाक कशी मारू? आनि मारून हे सांगू?"

करंडी घेऊन मी परत आलो. आईला सांगताना शब्द शोधावे लागले नाहीत. अक्काविना मी एकटाच परत येताना पाहून तिने ते ओळखले होते, आणि अक्काच्या खांबाला ती टेकून उभी होती. ती रडली नाही. "म्हंजी गेल्या साली मी वाट बघत होते ती उगाच," एवढेच म्हणाली. नंतर चूल पेटवून तिने मेण चढवले आणि कड्याला एकच वात लावली.

चार दिवसांनी गाड्या परतल्या आणि अंगणात सुटल्या. बैलांनी गंजी निम्मी केली. सकाळी निघताना आईने करंडी दिली आणि वेगळी गुंडाळलेली, त्या एका वातीची जाड मेणबत्ती म्होरक्याच्या हातात ठेवली.

"आमच्यात गेलेल्या मानसासाठी लावत्यात. तुमच्यात चालतं का, ठाव न्हाई."

म्हाताऱ्याने ती हातावर तोलली. "ती असती तर म्हनली असती, एवढी जाड कशाला, मेन फुकट घालवतीस." त्याने ती गाडीत मागच्या अंगाला ठेवली, जिथे अक्का बसायची.

मी आईला धारवाडला चल म्हणून पुष्कळ विनवले. ती आली नाही. पुढची नऊ वर्षे इगर्जींच्या मेणबत्त्या रेल्वेने जात राहिल्या आणि एक करंडी गाडीने. धारवाडातली एक नवी इगर्ज गाडीनेच माल मागते, असे मी आईला कळवले होते. फाल्गुनात म्होरक्या, आणि तो थकल्यावर त्याचा मुलगा, ती करंडी माझ्या खोलीवर आणून देई. मी ती उघडून बघे. निम्म्या मेणबत्त्या मोडलेल्या असत. त्या मी वर्षभर एकेक करून खोलीतच जाळी.

तशी इगर्ज धारवाडात नव्हती. आईने तिचे नाव मला कधीच विचारले नाही.