काळ्या देठाचं अळू

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी अकरा बागा पाहिल्या. मोठमोठ्या जुन्या हवेल्यांच्या, तिकीट काढून पाहायच्या इंग्लिश बागा. हे लेस्टरच्या हॉस्पिटलातून रिटायर झाले तेव्हा दोघांची मेंबरशिप हौसेने घेतली होती. ती दर वर्षी आपोआप रिन्यू होते. यांना स्ट्रोक आला त्या वर्षीही झाली. मग म्हटलं, जाऊ या.

ते व्हीलचेअरमध्ये बसायचे, मी ढकलायची. या बागांत खडीच्या वाटा असतात. फोटोत छान दिसतात. ज्याने त्या आखल्या त्याला त्यांवरून एकदा ऐंशी किलोचा माणूस ढकलायला लावायला हवा होता.

पूर्वी हे प्रत्येक झाडाच्या पाटीसमोर थांबून लॅटिन नाव मोठ्याने वाचायचे. माझी चिडचिड व्हायची, कारण चहाची वेळ टळायची. आता पाट्या मी वाचते, मनातल्या मनात. यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला आहे, ‘हो’. चहा हवा? हो. थंडी वाजते? हो. घरी जायचं? हो. नको जायला? हो. स्पीच थेरपिस्टने सांगितलं होतं की त्यांना किती समजतं हे ठामपणे सांगता येणार नाही.

ही गोष्ट अकराव्या बागेतली. सप्टेंबरातला शनिवार होता आणि सोमवारी मी त्यांना केअर होममध्ये नेणार होते. बाथरूममध्ये ते दोनदा पडले होते. दोन्ही वेळा मला उचलता आलं नाही, अँब्युलन्स येईपर्यंत मी शेजारी फरशीवर बसून राहिले. फॉर्म भरून झाले होते, कपड्यांवर नावाच्या पट्ट्याही शिवून झाल्या होत्या. यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मुलगी वॉटफर्डहून रोज संध्याकाळी फोन करायची. मी भाजी चिरत असायचे म्हणून फोन स्पीकरवर, आणि हे पलीकडच्या खुर्चीत. “आई, तू बाबाला सांगितली का? यू कान्ट जस्ट टेक हिम देअर. इट्स नॉट फेअर ऑन हिम.”

“उद्या सांगते.”

“तू काल पण उद्या म्हणालीस.”

मी सांगितलं असतं तर ते हो म्हणाले असते. तो होकार धरून मी मोकळी झाले असते, आणि मला ते नको होतं. भीती वाटत होती असंही नाही. एप्रिलपासून, यांना स्ट्रोक आला तेव्हापासून, मला कशाचंच काही वाटत नव्हतं. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं सगळं अंगभर झालं होतं. लोक विचारायचे, कशी आहेस, आणि मी बरी आहे म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

भिंतीआडच्या उबदार कोपऱ्यात बागवाल्यांनी उष्ण देशांतली झाडं लावली होती. आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर वाढणारी कर्दळ इथे दोरी बांधून, पाटी लावून उभी. तिच्या मागे चक्क सोनटक्का. इंग्लंडात तो उघड्यावर फुलतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी वाकून वास घेतला. वास तोच होता. मी सरळ उभी राहिले, खुर्चीचा ब्रेक काढला आणि पुढे निघाले.

पुढच्या वळणावर अळू होतं. एवढाली पानं, सुपाएवढी, आणि देठ काळेभोर. पाटीवर लांबलचक नाव होतं आणि एक बाई नवऱ्याला सांगत होत्या, हाऊ ड्रमॅटिक. मी सवयीने देठ पाहिला. काळ्या देठाचं म्हणजे वडीचं, हिरव्या देठाचं भाजीचं. आपलं माणूस फुलांच्या बागेत शिरलं तरी स्वयंपाकघरातूनच बघणार.

“अहो, वडीचं आहे,” मी म्हणाले. नुसती बोलायची सवय.

त्यांनी डावा हात लांब केला. मला वाटलं, पान चाचपून बघताहेत. चाळीस वर्षं कुठल्या बागेत मी एखादी काडी खुडली तरी हे दहा पावलं पुढे जाऊन उभे राहायचे, ओळख नसल्यासारखे. तेच आता देठ पिरगाळत होते. एक लहानसं, कोवळं पान त्यांनी तोडलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. “अहो, एका पानाची काय वडी होणार? निदान चार तरी लागतात थरांना. आणि हे शोभेचं आहे, घशाला खाजेल.”

त्यांनी मान हलवली, नाही अशी. मग पान माझ्या हातात कोंबलं, एक बोट वर केलं आणि ते बोट माझ्याकडे वळवलं. मला कळेना. त्यांनी पुन्हा केलं, सावकाश, पेशंटला गोळ्या समजावून सांगताना करायचे तसं. एक. तू. मग तोच हात स्वतःच्या छातीला लावला आणि दूर, भिंतीच्या पलीकडे दाखवला.

एका माणसाच्या स्वयंपाकाला एक पान पुरे, असं ते मला सांगत होते.

मला बसावंसं वाटलं म्हणून मी खडीवरच बसले. वयस्क बाईने बागेत खाली बसलं की इथे लोक लगेच धावतात, तशी बिल्ला लावलेली एक बाई लांबून निघालीच. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हाताला मात्र अळूच्या चिकाची खाज सुटली होती, आणि ती मला जाणवत होती.

“सोमवारी,” मी म्हणाले. “सकाळी दहाला.”

त्यांनी मान डोलावली. मग बिल्लेवाली बाई जवळ यायच्या आत माझ्या हातातलं पान काढून घेतलं आणि आपल्या शालीखाली लपवलं.