ओपांचं खोप

कोकंद शहरातल्या जर्दाळूच्या रसाच्या कारखान्यात झुल्हुमोर ओपांचं काम जरा विचित्रच होतं. ओपा म्हणजे ताई; सगळे त्यांना तशीच हाक मारत. बाहेरदेशीची कंपनी त्यांना पगार द्यायची तो लोकांना ‘नाही’ म्हणायला शिकवण्यासाठी. त्याआधी शाळेत त्यांनी रशियन शिकवलं होतं. ते बरंच सोपं होतं, असं त्या म्हणत.

कंपनीचे कारखाने अनेक देशांत. प्रत्येक ठिकाणचे साहेब हळूहळू त्याच गावातले व्हावेत, असं वरच्यांनी ठरवलेलं. तेव्हा पाळी सांभाळणाऱ्या मुकादमांतून साहेब घडवायचे, ही ओपांची जबाबदारी. यंत्रं, हिशेब, वेळापत्रक सगळं ती माणसं चटकन उचलत. घोडं अडायचं ते एका शब्दापाशी. वडीलधाऱ्यानं काहीही सांगितलं, की छातीवर हात ठेवायचा, मान जराशी झुकवायची आणि म्हणायचं, ‘खोप.’ खोप म्हणजे ‘हो’, असं परदेशी साहेबांना कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. खरं तर त्याचा अर्थ इतकाच, की तुमचं बोलणं ऐकलं, तुमचा मान राखला. काम होईल की नाही, ते ज्याचं त्यानं ओळखायचं.

“इक्रोम,” ओपा वर्गात विचारत, “नळी गळतेय आणि साहेब म्हणतात, यंत्र चालू ठेव. काय म्हणशील?”

“खोप, ओपा.”

“मेल्या, मला नाही, साहेबांना काय म्हणशील?”

“त्यांनाही खोपच. ते गेले की यंत्र बंद करीन.”

सगळा वर्ग खो खो हसायचा. ओपा कपाळावर हात मारून घ्यायच्या.

या सगळ्यांत एकट्या शेरालीची जीभ वळली. तो बाटल्या भरण्याच्या विभागातला मुकादम. बापासमोर कधी मान वर न केलेला माणूस, पण दोन वर्षं ओपांनी पिच्छा पुरवला आणि तो शिकला. उत्पादन प्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा ओपांनी त्याचंच नाव पुढे केलं. शेवटचा शब्द मात्र केलरसाहेबांचा. साहेब पिकल्या केसांचे, सगळ्या खोऱ्यातल्या कारखान्यांचा कारभार पाहणारे, आणि मोडकीतोडकी का होईना, रशियन बोलणारे.

केलर आले ते ऐन जर्दाळूच्या हंगामात. फळ ढिगानं येत होतं. त्यांनी सगळ्या मुकादमांना बसवून सांगितलं, की यंदा कुर्बान हायितच्या, म्हणजे बकरी ईदच्या, दिवशीही दोन पाळ्या चालतील. एकेक हात छातीवर गेला. खोप. खोप. खोप.

“नाही, साहेब,” शेराली म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “हायितला सकाळी माणसं कबरीवर जातात. ज्याच्या घरी यंदा कुणी गेलंय, त्याच्याकडे सगळा महल्ला येतो. कामावर चिटपाखरू फिरकणार नाही. फळ यंत्रापाशी आणून ठेवाल आणि तिथंच सडेल. त्याऐवजी आदल्या दोन दिवसांत मी जादा पाळ्या चालवतो.”

“बाकीचे तर हो म्हणाले,” केलर थंडपणे म्हणाले.

बैठक संपल्यावर त्यांनी ओपांना थांबवून घेतलं. “हा माणूस इतरांना धरून चालणारा नाही. यंदा याचं नाव नको. आपण बाहेरून माणूस आणू.”

ओपांनी छातीवर हात ठेवला. “खोप,” त्या म्हणाल्या.

बाहेर आल्या तरी हात छातीवरच होता. शेराली भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघवेना, पण सांगणं भाग होतं.

“यंदा नाही जमलं रे, उका,” धाकट्या भावाला म्हणतात तसं त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी नक्की. तू फक्त टिकून राहा.”

शेरालीनं हात छातीवर ठेवला, मान झुकवली.

“खोप, ओपा.”

त्याला पटलं होतं? तो रागावला होता? की उद्यापासून दुसरीकडे नोकरी शोधणार होता? त्या शब्दातून काही म्हणजे काही कळत नव्हतं. इतकी वर्षं परदेशी साहेबांना त्या मनातल्या मनात हसत आल्या होत्या. आता स्वतःची लाज वाटली.

त्या वळल्या आणि दार न ठोठावताच आत शिरल्या.

“साहेब, मघाशी मी होकार दिला नव्हता.”

“तुम्ही खोप म्हणालात.”

“म्हणाले. तुम्ही वयानं मोठे, वर पाहुणे. तोंडातून निघून गेलं. त्या मुकादमांचंही तसंच. हायितला त्यांच्यातला एकही येणार नाही. तुम्हाला खरं सांगणारा एकच होता, आणि त्यालाच तुम्ही डावलताय. हे चूक आहे.”

केलरांचा चेहरा हळूहळू उतरला.

“मार्चमध्ये मी विचारलं होतं, बॉयलर वेळेत दुरुस्त होईल ना,” ते म्हणाले. “तेव्हाही सगळे...”

“तेव्हाही,” ओपा म्हणाल्या.

साहेबांनी डोळे चोळले. “ठीक आहे. जागा त्याला द्या. पण सगळ्यांदेखत त्यानं माझा शब्द तोडला, याचा राग आलाय मला. त्याला सांगा तसं.”

“मी नाही सांगणार,” ओपांनी दार उघडलं आणि शेरालीला हाक मारली. “तुम्हीच सांगा त्याच्या तोंडावर.”