मोहाच्या झाडावर मी, दोराशी बाबा

पारशिवनीहून नागपूरची एसटी सुटली तेव्हा बाबा स्टँडवर नव्हते. माय होती. तिनं खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत दिलं आणि म्हणाली, "तुहा बाप कामावर गेला. त्याचं मनावर घेऊ नको." गाव मागे पडल्यावर रस्त्याकडेच्या एका शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, मला बाबा दिसले. पाठमोरे, वाळलेल्या बाभळीच्या बुंध्याशी. एसटीचा आवाज ऐकून त्यांची कुऱ्हाड थांबली. ते वळले मात्र नाहीत. गाडी पुढे गेली आणि मी बराच वेळ मागच्या काचेतून त्यांचा पांढरा बनियान बघत राहिले.

नागपूर तसं दीड-दोन तासांवर. लोक दुबईला, पुण्याला गेल्याच्या आठवणी लिहितात, त्यांच्यापुढे माझं जाणं म्हणजे काहीच नाही. पण कन्हानचा पूल ओलांडला तेव्हा मी मायचं गाठोडं दोन्ही हातांनी धरून बसले होते, हे खरं आहे.

बाबा झाडं तोडायचे. ठेकेदार सांगेल तिथं जायचं, बाबांकडे कुऱ्हाड आणि काकांबरोबर ओढायची दोन माणसांची करवत. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे. ते आधी झाडाभोवती एक फेरी मारत, कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंधा ठोकत आणि कान देत. मलाही ठोकायला लावत. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, पोकळ लाकडाचा वेगळा, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. एकदा कुऱ्हाड घसरून त्यांची मांडी फाटली. तीन महिने ते खाटेवर होते. तेव्हापासून ते एकच म्हणायचे, "हे काम माह्यावरच संपू दे." म्हणून कृषी पदविका झाल्यावर मी नागपूरला नर्सरीत नोकरी धरली, तेव्हा त्यांना राग का यावा, ते मला समजलं नाही. आता वाटतं, त्यांना राग नव्हता. मी जातेय हेच त्यांना बघायचं नव्हतं.

जरीपटक्यात बाजारामागे खोली घेतली. खाली कापडाची दुकानं, दिवसभर हिंदी आणि सिंधी कानावर. गावात आम्ही बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणतो. नर्सरीत एक बाई त्यावर हसल्या, तेव्हापासून मी "येते, जाते" म्हणायला शिकले. कुंड्या विकता विकता गेडाम सर भेटले. ते बाहेरदेशी शिकून आले होते आणि नागपुरातल्या जुन्या बंगल्यांतली, कॉलन्यांमधली झाडं सांभाळायचं काम करत. त्यांनी एकदा नर्सरीतल्या कडुनिंबाबद्दल विचारलं. मी सवयीनं बुंधा ठोकला आणि म्हटलं, उजवीकडून पोकळ आहे. त्यांनी यंत्र लावून तपासलं, तसंच निघालं. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे होते.

आधी दोन पावसाळे खाली उभं राहून फांद्या ओढल्या. मग चढायला शिकले. कंबरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस, कानांवर आवाज अडवणारे मफ, डोळ्यांपुढे जाळी. दोरीच्या टोकाला वजनाची छोटी पिशवी बांधून ती उंच फांदीवरून टाकायची, तिच्यामागून जाड दोर न्यायचा, त्या दोरावर गाठ सरकवत वर जायचं. वर चालवायचा चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, लहान असतो, कंबरेला लोंबतो. सर पहिल्या दिवशी म्हणाले, कापणं कोणालाही जमतं, किती ठेवायचं ते शिक. घरी मी यातलं काही सांगितलं नाही. माय विचारायची, तर म्हणायचे, नर्सरीतच आहे.

पण आमच्या गावचा एकजण कामाला नागपुरात आला होता. त्यानं मला रस्त्याकडेच्या झाडावर लटकलेलं पाहिलं आणि फोटो काढून गावभर फिरवला. बाबांनी तो पाहिला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते फोनवर आले नाहीत. मी गावी गेले की शेतात निघून जायचे. ज्या कामातून त्यांना मला सोडवायचं होतं, त्यातच मी जाऊन बसले होते, तेही तीस फूट उंच.

मग दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वादळ आलं. आमच्या शाळेमागे मोहाचं जुनं झाड आहे. त्याची एक मोठी खांदी अर्धी तुटून दुसरीत अडकली, अगदी शाळेच्या पत्र्यांवर. सकाळी मायचा फोन आला. सरपंचानं बाबांनाच सांगितलं होतं, आणि बाबा दुसऱ्या दिवशी चढणार होते. साठी ओलांडलेला माणूस, कंबरेला सुताचा दोर, हातात कुऱ्हाड. माय म्हणाली, "तो माह्यं ऐकून नाही राहिला. तू ये वं."

मी सरांना सांगितलं. त्यांनी काही न विचारता जीप आणि सगळं सामान दिलं. मी झाडावर असताना खाली दोर सांभाळणारा इमरान बरोबर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बाबा झाडाखाली चप्पल काढत होते. निम्मं गाव जमलं होतं. मी कधी त्यांच्याशी उलट बोलले नव्हते, आणि सगळ्यांदेखत तर कधीच नाही.

"बाबा, तुम्ही चढू नका," मी म्हटलं. "मी चढतो. तुम्ही दोर धरा."

त्यांनी चप्पल परत पायात घातली. मग इमराननं पुढे केलेलं हेल्मेट त्यांनी हातात घेतलं, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि ते घातलं. पट्टा त्यांना लावता येईना. तो मी लावला. वर्षभरानंतर मी त्यांच्या इतक्या जवळ उभी होते.

मी दोर एका उंच, जाड खांदीवरून टाकला. इमराननं आणि मी दोघांनी त्याला लोंबकळून पाहिलं, खांदी हलली नाही. मी चढायला सुरुवात करणार, तेवढ्यात बाबा बोलले. ते तोवर झाडाभोवती फिरून आले होते, कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकत.

"तिथून सोड," ते म्हणाले. "त्या खांदीत जीव नाही."

इमरान म्हणाला, आताच तर वजन देऊन पाहिलं. पानं हिरवी होती, सालही धड. माझ्या शिक्षणाप्रमाणे ती खांदी चालणार होती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी त्या खांदीखालच्या बुंध्यावर पुन्हा एकदा ठोकलं. मी दोर काढला आणि दुसऱ्या बाजूनं टाकला. चार वेळा चुकला. त्यात अर्धा तास गेला, लोक कुजबुजू लागले.

वर गेल्यावर मी अडकलेल्या खांदीला दुसरा दोर बांधला. त्याचं खालचं टोक बुंध्याला तीन वेढे देऊन बाबांच्या हातात होतं. मी एकेक तुकडा कापायचे, तो क्षणभर लटकायचा आणि बाबा हळूहळू सैल सोडायचे. आयुष्यभर त्यांनी झाडं धाडकन पाडली होती. पण त्या दिवशी एकही तुकडा पत्र्याला लागला नाही. हळूहळू मी खाली बघायचं सोडून दिलं. दोर ताणला की मला कळायचं ते तयार आहेत.

शेवटी मी त्या पहिल्या खांदीपाशी आले. तीही कमी करायची होती. चेनसॉ लावला, चार बोटं आत गेला आणि एकदम काही लागेना. तपकिरी भुसा माझ्या बाह्यांवर सांडू लागला. आत पूर्ण पोकळ होतं. आमच्या दोघांचं वजन तिनं पेललं होतं. पण माझं वजन आणि कापलेल्या लाकडाचे झटके, हे सगळं तासभर पेललं असतं का, मला सांगता येत नाही. मी फांदीला टेकून बसले. तो कापलेला गोल तुकडा मी दोरानं खाली सोडला. बाबांनी तो हातात घेतला, आत बोटं घालून पाहिली आणि बाजूला ठेवला. लोकांना दाखवलासुद्धा नाही.

मोह उभा राहिला, बराच लहान होऊन. तुटलेल्या खांदीचं लाकूड घट्ट होतं. दुपारी आम्ही मोठ्या चेनसॉला धातूच्या पट्ट्यांची चौकट लावली आणि ती लाकडावर सरळ ढकलत तिथंच फळ्या काढल्या. बाबा शेजारी उकिडवे बसले होते. पहिली फळी निघाली तेव्हा त्यांनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, एवढ्या लाकडाला त्यांचे आणि काकांचे दोन दिवस गेले असते. मग माझी जाड पँट चिमटीत धरून विचारलं, ही कशाची आहे. मी सांगितलं, साखळी लागली तर आतले धागे तिच्यात गुंतून ती थांबवतात. ते नकळत स्वतःच्या मांडीवरून हात फिरवत राहिले.

"आमच्या वेळी हे नव्हतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तू नीट बांधतं स्वतःले. पाहिलं म्या."

तेवढंच. मला पुरलं.

गावात राहिलेल्यांना वाटतं की निघालेले गाव विसरले. निघालेल्यांना वाटतं की गाव आपल्याला विसरलं. माझ्या बाबतीत झालं होतं ते वेगळंच. मी घरात पाहुणी झाले होते. माय मला नवा कप काढायची, खाटेवर नवी चादर टाकायची, मी ताट उचललं तर हातातून घ्यायची. दोन दिवस राहून मी निघायचे आणि त्या आदरानं मला रडू यायचं. नागपुरात भाड्याच्या खोलीतली बाई, गावात पाहुणी, मग घर कुठलं, हे मी कोणाला विचारलं नाही.

आता बाबा फोन करतात. अमक्याच्या चिंचेला चीर पडली, विहिरीवरचा उंबर झुकला, येऊन पाह्य. ते स्वतः चढत नाहीत, खाली दोर धरतात. महिन्यातून एकदा तरी माझं गावात काम निघतं. गेल्या महिन्यात अशीच गेले. अंगणात मिरच्या वाळत होत्या. माय चुलीशी होती, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"आली का?" ती म्हणाली. "मंग उभी काहून? त्या मिरच्या उचल, आभाळ आलं."

मी बॅग तिथंच टाकली आणि मिरच्या उचलायला बसले.