देवरामचा होकार

"बावीस हजार. त्याच्यावर एक रुपया नाही."

"मावशी, कोथिंबीर घेताय का? चाळीस हजार थकलेत!"

"त्यातलं आम्ही घेतलेलं किती आणि तुम्ही वर चढवलेलं किती, ते बोला आधी."

खोपटच्या एसटी डेपोसमोर, एका वसुली एजन्सीच्या ऑफिसात रंभा आणि तिथला अधिकारी संदेश यांची चांगलीच जुंपली होती. कर्ज ज्याच्या नावावर, तो तिचा नवरा देवराम बाजूच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून गप्प बसलेला. टिटवाळ्याहून निघतानाच रंभाने बजावलेलं, "तिथं तुम्ही तोंड उघडायचं नाही. शिंक आली तरी बाहेर जाऊन द्यायची."

कारण देवरामला 'नाही' म्हणता येत नसे. रिक्षा स्टँडवर कोणी म्हणालं, काका, चौथा बसू का पुढे, की "बसा." मेहुणा काळुराम म्हणाला, दाजी, दोन दिवस रिक्षा देता का, की "घेऊन जा." कर्जाचंही तसंच. एका दुपारी फोनवर एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचं लोन मंजूर झालंय." जन्मात पहिल्यांदा कोणी सर म्हणालेलं. तिला नाही कसं म्हणायचं?

रिक्षाला नवं हूड आलं, काळुरामला थोडे उसने गेले, ते गेलेच. हप्ते मात्र देवराम नीट भरत होता. मग पाय मोडला, रिक्षा घरी बसली आणि वसुलीचे फोन सुरू झाले. लोक त्या फोनना शिव्या घालतात; देवराम विचारायचा, "जेवलात का, ताई?" ताई म्हणायची, "गुरुवारी भरता ना?" "हो, गुरुवारी नक्की."

ते सगळे गुरुवार आता संदेशच्या कॉम्प्युटरवर हजर होते.

"हे बघा, काका स्वतः कबूल झालेत. दर वेळी!"

"ते कुणालापण कबूल होतात. चंद्रावर रिक्षा नेणार का विचारा, म्हणतील, बसा."

देवरामला हसू आलं. ते त्याने गिळलं.

रंभाने विहारातल्या बायकांबरोबर लावलेली भिशी उचलली होती, तीस हजारांची. त्यातले आठ रिक्षाच्या पासिंगला हवे होते, तेही पुढच्याच आठवड्यात. पासिंग चुकलं की रिक्षा बंद, आणि रिक्षा बंद की चूल बंद. उरले बावीस.

संदेश चाळीसवरून तीसवर आला, मग अठ्ठावीसवर, मग सव्वीसवर. रंभा जागची हलली नाही.

"एकरकमी देते, आत्ता. आणि खातं मिटल्याचं पत्र पाहिजे, शिक्क्याचं. पत्र आधी, पैसे मग."

"असं नसतं ओ मावशी. साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा की. मी बसते. डबा आणलाय."

संदेशने पंखा वाढवला, पाणी प्याला. मग त्याची नजर हळूच देवरामकडे वळली. ज्या दाराला कडी नाही ते दार त्याला सापडलं होतं. त्याने खुर्ची जवळ ओढली.

"काका, मावशींचं राहू द्या. तुम्ही समजूतदार माणूस. महिनाअखेर आहे, मला टार्गेट आहे, घरी लहान मुलगी आहे. पंचवीसवर मिटवून टाकू. पत्र मी स्वतः काढून देतो, शब्द माझा. हो ना?"

"अहो..." रंभा म्हणाली.

देवरामच्या जिभेवर 'हो' येऊन बसलासुद्धा. पोराचं टार्गेट, घरी लेक. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. तो घाईघाईने 'नाही' शोधायला लागला, पण कधी न वापरलेला शब्द आयत्या वेळी कुठून मिळणार? मान आपली आपण हलायला लागली, तेव्हा त्याने हनुवटी मुठीत धरली.

"काका? हो समजू ना मी?"

देवराम उठला. खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला पायात अडकवल्या, आणि जिना उतरून निघून गेला.